दुपारचा करंट

हैदराबादेत विजेच्या बिलाला आम्ही मराठी माणसंही ‘करंट बिल’च म्हणतो, आणि वीज गेली की ‘करंट गेला’. नोकरीची सगळी वर्षं मी हा करंट मोजण्यात घालवली. मीटर तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. ‘आमचं मीटर पळतं’ अशी तक्रार आली की ते मीटर काढून आमच्याकडे आणत. आम्ही ते टेबलावर प्रमाण मीटरच्या शेजारी लावायचो, दोन्हींतून सारखाच करंट सोडायचो आणि कोण किती मोजतं ते बघायचो. बहुतेक वेळा मीटर निर्दोष निघायचं. जुनी, फिरत्या चकतीची मीटरं तर वय झालं की उलट हळू व्हायची. हे तक्रारदाराला सांगितलं की तो माझ्याकडे असा बघायचा, जणू मी त्याच्या घरच्या कुणावर आळ घेतलाय. एका अर्थी घेतलेलाच असायचा. मीटर बरोबर असेल तर वीज घरातच कुठंतरी जळतेय, एवढाच त्याचा अर्थ.

निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहिले. कोठीच्या बाजारात इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची दुकानं आहेत, तिथं जायला लागले आणि घरच्या घरी एक यंत्र बनवायला शिकले. यंत्र म्हणण्याइतकं मोठं नाही ते. घरात येणाऱ्या मुख्य तारेभोवती एक चिमटा बसवायचा. तार कापायची नाही, सोलायची नाही. तारेतून करंट वाहतो तेव्हा चिमट्याला त्याची चाहूल लागते. चिमट्याला जोडलेली बोटभर चिप ती चाहूल वायफायवरून स्वयंपाकघरातल्या एका छोट्या डब्याला कळवते. या क्षणी घरात किती वीज जातेय ते डब्यावर आकड्यात दिसतं, आणि दिवसभराचा आलेख मोबाईलवर. चिमटा एकाच तारेला लावायचा; जाणारी आणि परतणारी अशा दोन्ही तारा त्यात एकत्र पकडल्या तर तो शून्य दाखवतो. पहिल्या यंत्राच्या वेळी मी हीच चूक केली होती आणि आठवडाभर चिपला शिव्या घातल्या होत्या.

आलेख वाचायची सवय झाली की उपकरणं ओळखू येतात. गीझर भिंतीसारखा सरळ उभा राहतो. इस्त्रीचे कंगव्यासारखे दाते येतात, कारण ती तापली की आपोआप बंद होते, निवली की पुन्हा लागते. फ्रिज रात्रंदिवस ठरावीक अंतरानं उठतो आणि बसतो. एसी लागताना एकदम उसळतो, मग कॉम्प्रेसरबरोबर लांब-लांब पायऱ्या पाडतो. मला यात फार मजा यायची. ओळखीच्यांच्या घरी मी ही यंत्रं बसवू लागले.

संपादकांनी ‘काही गमतीदार किस्से लिहा’ म्हणून सांगितलंय. गमतीदार आहेत. नारायणगुड्याला एक वकील होते. भाडेकरू आपली वीज चोरतो अशी त्यांना खात्री होती आणि त्यांनी त्याला द्यायची नोटीसही तयार ठेवली होती. यंत्र लावल्यावर दिसलं की त्यांचाच फ्रिज क्षणभरही थांबत नाही. दाराचं रबर फाटलं होतं आणि बिचारा सगळं स्वयंपाकघर थंड करायला बघत होता. वकिलांनी रबर बदललं, पण भाडेकरूशी बोलणं काही सुरू केलं नाही. नल्लकुंट्याला आमच्या गल्लीतल्या एक आजी घरातले सगळे दिवे रात्रभर जळत ठेवायच्या. मुलानं मला बोलावलं ते त्यांना आकडे दाखवून गप्प करायला. मी आकडे पाहिले आणि मुलाला म्हटलं, “एलईडीचे दिवे आहेत, जळू दे. तुझा गीझर जास्त खातो.” आजींनी मला लाडू दिला.

असे आणखी लिहिता येतील. पण या यंत्राचा विषय निघाला की मला सुनंदाचंच घर आठवतं, म्हणून तेच लिहिते. नावं बदलली आहेत.

सुनंदा माझ्या धाकट्या बहिणीची मैत्रीण. नारायणगुड्याला एका विमा कंपनीच्या कार्यालयात नोकरी करते. काचीगुड्याला स्टेशनच्या मागच्या बाजूला, एका तीन मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर तिचं घर. नवरा प्रकाश एका कारखान्यात अकाउंट्स बघायचा. मूळचा नांदेडकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, शिकून इथं आलेला. सरळ, कमी बोलणारा माणूस. मुलगी पुण्याला नोकरीत, तिच्यासाठी स्थळं बघणं चाललेलं.

एप्रिलच्या सुरुवातीला सुनंदाचा फोन आला. “ताई, करंट बिल बघून डोकं फिरायची वेळ आलीय. दिवसभर घराला कुलूप असतं. मी नवाला निघते, हे माझ्याआधी निघतात. संध्याकाळी सातशिवाय कुणी परतत नाही. मीटर नक्की पळतंय.”

“मीटर पळत नसतं,” मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं.

तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मी जाऊन यंत्र बसवलं. प्रकाश संध्याकाळी आला, स्वयंपाकघरातला डबा बघितला आणि हातपाय धुवायला गेला. या घटकेला किती वीज जाते तेवढंच तो दाखवतो असं त्याला वाटलं असावं. दिवसभराचं सगळं साठवून ठेवतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी आलेख घेऊन त्यांच्याकडे गेले. सुनंदानं पोहे केले होते. मी मोबाईल टेबलावर ठेवला आणि दोघांना दाखवला. सकाळी गीझरची भिंत, मग मिक्सरचं टोक, मग सगळं शांत, फक्त फ्रिज. आणि दुपारी बाराच्या पुढे एक मोठा चढ, चारपर्यंत. सोमवार ते शनिवार, रोज.

“हे काय?” सुनंदा म्हणाली आणि लगेच तिचं तिलाच उत्तर सापडलं. “यादगिरी!”

यादगिरी म्हणजे त्यांच्या जिन्याखाली इस्त्रीचं टेबल मांडून बसणारा माणूस. बरीच वर्षं तिथं होता. इमारतीच्या सामायिक मीटरवरून त्याला एक प्लग दिलेला होता आणि त्याचे पैसे तो सगळ्यांना मिळून द्यायचा. सुनंदाच्या घराची तार त्याच्या डोक्यावरूनच जाते.

“इस्त्री नाही ही,” मी म्हटलं. “इस्त्रीचे दाते असतात. हा एसी आहे. आणि तारेवरून कुणी ओढलेला नाही, तुमच्याच घरातला, खिडकीतला.”

“एसी मी स्वतः सकाळी बंद करते, ताई. मुख्य बटणापासून.”

प्रकाश खाली मान घालून पोहे खात होता. तो म्हणाला, “जुना एसी आहे. काहीतरी बिघाड असेल. बटण नीट बंद होत नसेल.”

“मग रविवारी का नाही होत बिघाड?” सुनंदा म्हणाली.

त्यानं पोह्यांची बशी बाजूला सारली. मग मला विचारलं, “ताई, यात किती बारीक दिसतं? म्हणजे नुसता पंखा लावला तर?”

माझ्या यंत्राबद्दल कुणी कौतुकानं विचारलं की मला चेव येतो. “पंखा काय, बाथरूमचा दिवा लावून ठेवला तरी समजतं. आणि सुनंदाला ऑफिसात बसल्या बसल्या मोबाईलवर दिसेल.” मी तिच्या फोनवर तशी सोयही करून दिली, तिथल्या तिथं.

सोमवारपासून दुपारचा चढ नाहीसा झाला. तीन-चार दिवसांनी सुनंदाचा आनंदानं भरलेला फोन आला. रविवारी मी गेल्यावर ती खाली जाऊन यादगिरीला नको नको ते बोलली होती आणि सोमवारपासून चोरी थांबली होती, म्हणजे झालंच की सिद्ध. इमारतीतल्या बाकीच्यांनीही त्याला जागा सोडायला सांगितलं होतं. “तुमच्या डब्यानं चोर पकडला, ताई.”

“अगं, पण तो एसी होता.”

“असेल. त्यानं कसं काय केलं ते त्याला माहीत. थांबलं ना?”

मी फोन ठेवला. आलेखाबद्दल घरात फक्त तीन माणसांना माहीत होतं. त्यांतली मी आणि सुनंदा सोडली तर एकच उरत होता.

तरी मला खात्री करायची होती, म्हणून दुसऱ्या दिवशी काचीगुड्याला गेले. यादगिरी सामान बांधत होता. टेबल उलटं करून त्याचे पाय सोडवत होता. त्याची बायको कपड्यांची गाठोडी वेगवेगळी करत होती, कुणाचे कुणाला परत द्यायचे ते. मी त्याला म्हटलं, “यादगिरी, वो तुम नहीं थे. मेरेकू मालूम है. वो एसी था.”

त्यानं हातातलं काम थांबवलं. प्रकाशला तो ‘सारू’ म्हणायचा. म्हणाला, “सारू रोज दोपहर को घरकू आते, अम्मा. गर्मी लगी तब से. बारा बजे आते, शाम को मॅडम के आने के पहले फिर चले जाते, बाद में ऑफिस से आए वैसा आते.”

“फिर बोले क्यों नहीं मॅडम को? तुमपे इल्जाम आया तो?”

“कैसा बोलता अम्मा? उनो मेरे सामने से जाते तो सर नीचे डालके जाते थे. हर रोज. उसकू देखके मैं भी इस्त्री में मुंडी घुसा लेता था.” त्यानं टेबलाचा पाय गाठोड्यात खुपसला. “तुम भी नक्को बोलो. उनोच बोलेंगे कभी.”

“सारू अब कहाँ जाते?”

त्यानं हातानंच स्टेशनची दिशा दाखवली.

प्रकाश मला फलाटाच्या टोकाला सापडला, जिथं पत्र्याचं छप्पर संपत आलं होतं. मधली बाकं प्रवाशांनी भरलेली होती. तो ऑफिसच्या कपड्यांत, मांडीवर बॅग घेऊन बसला होता. शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. मला बघून उठायला लागला, जसं कुणी मोठं माणूस घरी आल्यावर उठतात.

मी त्याच्या शेजारी बसले. त्यानं सगळं सांगितलं, विचारावं लागलं नाही. कारखान्यानं अकाउंट्सचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं होतं आणि दसऱ्याच्या आसपास त्याच्या विभागातल्या सगळ्यांना घरी पाठवलं होतं. निघताना मिळालेल्या पैशातून तो दर महिन्याला पगाराच्या तारखेला घरखर्चाच्या खात्यात भरत होता. सकाळी वाचनालयात जायचा. दुपारी तिथं बंद असतं. हिवाळ्यात कुठंही बसून चालायचं, पण उन्हाळा लागल्यावर तो घरी यायला लागला.

“नोकरी शोधली का?”

“शोधली ना ताई. चोपन्न वर्षांच्या माणसाला मुलाखतीला बोलावतात आणि त्यांचा साहेब मला सर म्हणतो. मग फोन येत नाही.”

“सुनंदाला सांगायचं होतं.”

“पहिल्याच दिवशी सांगणार होतो. घरी गेलो तर तिनं परभणीच्या स्थळाचा फोन आल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, वडील काय करतात. ती म्हणाली, मोठ्या कारखान्यात अकाउंट्स मॅनेजर आहेत. मला ऐकवत होती ती, ताई, इतकी खूष होऊन. मग म्हटलं, पोरीचं ठरू दे. ते स्थळ गेलं, मग दुसरं आलं. एकदा दिवस गेला की दुसऱ्या दिवशी सांगणं आणखी अवघड होतं.”

“आणि यादगिरी?”

 त्याच्या हातातला रुमाल तो घडी घालत होता आणि मोडत होता.

मी त्याला म्हटलं, मी कुणाला सांगणार नाही, पण तूच लवकर सांग, आणि तोपर्यंत दुपारी घरी जा. यंत्राचं मी बघते.

आणि मी बघितलं. दुसऱ्या दिवशी काहीतरी दुरुस्तीचं कारण काढून मी सुनंदाकडून डबा घरी आणला. आधी वाटलं, बिघडला म्हणून परतच द्यायचा नाही. पण सुनंदा म्हणाली, “लवकर आणा हं ताई. दुपारी जेवताना मोबाईलवर ती सरळ रेष बघितली ना, की बरं वाटतं.” तेव्हा मी त्याच्या प्रोग्रॅममध्ये चार ओळी घातल्या. दुपारच्या वेळात घरात काहीही लागलं तरी डबा फक्त फ्रिज दाखवेल. ज्या बाईनं सगळी नोकरी प्रमाण मीटरशी पडताळून आकडा लिहिण्यात घालवली, तिनं बनवलेलं हे पहिलं खोटं मीटर. काम चोख झालं. मी माझ्या घरी इस्त्री लावून तपासलं, रेष हलली नाही.

डबा परत बसवला आणि प्रकाशला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “ताई, उपकार झाले.” पण तो घरी गेला नाही. खरा आलेख माझ्या मोबाईलवर येत होता.

का नाही गेलास, असं मी त्याला पुन्हा फोन करून विचारलं. त्याचं असं झालं होतं की यादगिरी गेल्यावर जागा रिकामी झाली आणि चोर परत येऊ नये म्हणून सुनंदानं वरच्या मजल्यावरच्या रत्नम्मांना दुपारी जिन्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. रत्नम्मा आता दुपारची झोप सोडून कठड्याशी खुर्ची टाकून बसायच्या. “आणि खरं सांगू का,” प्रकाश म्हणाला, “त्या नसत्या तरी मला जिन्याखालून जाववत नाही.”

“मग आज सांग. आज संध्याकाळी.”

“रविवारी सांगतो. मुलगी येणारे रविवारी. दोघींना एकदमच सांगतो.”

मे महिना होता. त्या आठवड्यात हैदराबाद नुसतं भाजत होतं. माझ्या घरी नळाचं पाणी हाताला चटका द्यायचं. गुरुवारी दुपारी सुनंदाचा फोन आला. आधी तिचं बोलणंच कळेना.

“ताई, हे बेशुद्ध पडलेत. पोलिसांचा फोन होता. काचीगुडा स्टेशनवर सापडले म्हणतात. यांचा मोबाईल त्यांच्याकडे आहे. पण हे स्टेशनवर कसे असतील? हे तर ऑफिसात असतात! कुणीतरी यांचा मोबाईल चोरला असेल, दुसराच कुणी माणूस असेल ना ताई?”

मी रिक्षानं सरकारी दवाखान्यात गेले. ती माझ्या आधी पोचली होती. दुसरा कुणी नव्हता. प्रकाशला बर्फाच्या पिशव्यांत ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, अंगातला ताप मेंदूपर्यंत गेलाय. एका हमालानं त्याला बाकावर वाकडं झालेलं बघितलं म्हणून निदान तेवढ्यात तरी आणला.

सुनंदानं त्याच्या कारखान्यात फोन लावला होता. तिकडून जे कळायचं ते कळलं होतं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि रडत नव्हती. मला म्हणाली, “दसऱ्यापासून. ताई, दसऱ्यापासून मी रोज सकाळी उठून डबा भरून देते. तो घेताना रोज म्हणायचे, आज उशीर होईल बहुतेक.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिला काय दिसलं कुणास ठाऊक. “तुम्हाला माहीत होतं?”

मी हो म्हटलं. खोटं बोलण्यासारखी ती जागा नव्हती. सगळंच सांगितलं, चार ओळींचंही.

 ती म्हणाली, “म्हणजे मी रोज दुपारी मोबाईलवर बघत होते ती रेषसुद्धा खोटी होती.”

“तो घरी जावा म्हणून केलं, सुनंदा.”

“मला एक शब्द सांगितला असता तर मी त्यांना हाताला धरून घरी नेलं असतं. स्थळं गेली खड्ड्यात. पण तुम्ही, हे, तो यादगिरी, सगळ्यांनी मिळून मलाच ऑफिसात बसवून ठेवलंत.” आणि ती वळून आत गेली.

प्रकाश वाचला. महिनाभरानं घरी आला. पण चाल गेली. भिंतीला धरून चालतो, हात थरथरतो आणि जीभ जड झाली आहे. मुलीनं पुण्याची नोकरी सोडली आणि ती परत आली. यादगिरीला शोधायला सुनंदा स्वतः बरकतपुऱ्यापर्यंत फिरली असं बहिणीकडून कळलं. तो गावाकडे निघून गेला होता, कुठल्या ते कुणाला सांगता आलं नाही.

माझ्याशी ती बोलत नव्हती. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा मुलीनं दारातूनच “आई झोपलीय” म्हणून सांगितलं.

दिवाळीच्या आधी सुनंदाचाच फोन आला. घराला रंग द्यायचा होता आणि तो चिमटा काढायला इलेक्ट्रिशियन घाबरत होता. “तुम्हीच लावलाय, तुम्हीच काढून न्या.”

मी गेले. प्रकाश खिडकीजवळ खुर्चीत होता. मला बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला, मुलीनं त्याला खांद्याला धरून बसवलं. “ताई,” तो म्हणाला. तेवढा एक शब्द म्हणायला त्याला वेळ लागला. मी स्टुलावर चढून चिमटा उघडला आणि तार मोकळी केली. चिप, डबा, वायर पिशवीत भरलं. सुनंदानं पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही.

मी जिना उतरायला लागले तेव्हा ती मागोमाग आली. वरच्या पायरीवरच थांबली.

“एक विचारायचं होतं. ह्यांना विचारलं तर सांगता येत नाही. तुम्ही त्या दिवशी बघितलंत ना त्यांना, स्टेशनवर? तिथं बसून काय करायचे हो ते?”

मला सांगता आलं असतं की गाड्या बघायचे, पेपर वाचायचे. त्या दिवशी मी लांबून बराच वेळ त्याला बघत होते, मग जवळ गेले; हे मी वर लिहिलेलं नाही. गाडी आली तरी तो तिकडे बघत नव्हता.

“घड्याळ बघायचे,” मी म्हटलं. “सात कधी वाजतात त्याची वाट बघायचे. घरी यायला.”

सुनंदा तिथंच पायरीवर खाली बसली. मी वर जाऊन तिच्याजवळ बसावं की नाही ते मला कळेना. तिनं हातानंच मला जा म्हणून सांगितलं, आणि मी पिशवी घेऊन उतरले.